प्रौढ शिक्षण आणि राज्य सरकार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साक्षरता वर्गांशी माझा दहाएक वर्षांचा संबंध. आधी वस्तीतला संध्याकाळचा वर्ग, मग तालुक्यातल्या स्वयंसेवकांचं प्रशिक्षण. या काळात सरपंच, शिक्षक, कॉलेजची मुलं, पत्रकार, कधीकधी अधिकारीसुद्धा तेच तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथं एकत्र केली आहेत. माहिती महाराष्ट्रापुरती आहे, केरळ आणि गोव्याचा उल्लेख गरजेपुरता. मतं माझी आहेत.

प्रौढ शिक्षण म्हणजे सही करायला शिकवणं ना?

नाही. पण हा समज सरकारी कागदांनीच रुजवला आहे. कितीतरी गावांत ‘साक्षर’ म्हणजे अंगठ्याऐवजी सही करणारा माणूस. अशी सही बहुतेक वेळा चित्रासारखी गिरवलेली असते. ‘क’ कुठला हे विचारलं तर सांगता येत नाही. जनगणनेची व्याख्या याहून कडक आहे: वय सात वर्षं किंवा त्याहून जास्त आणि कुठल्याही एका भाषेत समजून वाचता आणि लिहिता येणं. आता चालू असलेल्या केंद्राच्या ‘उल्लास’ साक्षरता कार्यक्रमात याच्याही पुढचं धरलं आहे. पायाभूत साक्षरता आणि संख्याज्ञान, जीवनकौशल्यं, व्यवसाय कौशल्यं, शाळेच्या समकक्ष मूलभूत शिक्षण आणि निरंतर शिक्षण असे पाच भाग त्यात आहेत. प्रत्यक्षात पहिल्या भागावरच सगळा जोर असतो. बाकीचे चार अजून बऱ्याच अंशी कागदावर आहेत.

महाराष्ट्र तर पुढारलेला. इथं अजून निरक्षर राहिलेत कुठं?

२०११ च्या जनगणनेत राज्याची साक्षरता ८२.३४ टक्के होती. पुरुष ८८.३८, स्त्रिया ७५.८७. म्हणजे दर चार बायकांमागे एक निरक्षर. नंदुरबार जिल्ह्याचा आकडा ६४ टक्क्यांच्या आसपास आणि मुंबई उपनगरचा जवळपास ९०. त्याच जनगणनेवरून १५ वर्षांवरच्या निरक्षरांची संख्या सुमारे १ कोटी ६३ लाख निघते. टक्केवारीत राज्य पुढारलेलं दिसतं. माणसं मोजायला बसलं की छोट्या देशाएवढी गर्दी समोर येते.

ही माणसं रोज दिसतात. एसटी स्टँडवर ‘ही गाडी कुठली?’ विचारणारी, बँकेत पैसे काढायची स्लिप हातात धरून कुणीतरी भरून देईल म्हणून थांबलेली. त्यांना लपवता येतं, इतकंच. लपवण्याची कला त्यांनी चाळीस वर्षं घोटलेली असते: ‘चष्मा घरी राहिला, जरा वाचून दाखवता का?’

हे काम केंद्राचं की राज्याचं? आणि कायद्यानं हा हक्क आहे का?

१९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीनं शिक्षण समवर्ती सूचीत आलं, त्यामुळे दोघांचंही. योजना आणि पैशाचा मोठा वाटा केंद्राचा, अंमलबजावणी राज्याची. महाराष्ट्रात हे काम पुण्याच्या शिक्षण संचालनालयाकडे (योजना) आहे. त्याच्या खाली जिल्ह्याला शिक्षणाधिकारी, तालुक्याला गटशिक्षणाधिकारी, मग केंद्रप्रमुख आणि शेवटी गावातली शाळा.

हक्काचं उत्तर मात्र ‘नाही’ असंच द्यावं लागतं. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला तो ६ ते १४ वयोगटासाठी. चौदा वर्षं पूर्ण झालेल्या निरक्षर माणसाला वर्ग मागण्याचा कुठलाही कायदेशीर आधार नाही. शाळेत शिक्षक नसला तर पालक तहसीलवर मोर्चा नेतात. प्रौढांचा वर्ग बंद पडला म्हणून मोर्चा निघालेला मी पाहिलेला नाही. राज्याला काही मुळातून करायचं असेल तर इथून सुरुवात करता येईल. ज्या गावात किंवा वस्तीत ठरावीक संख्येनं प्रौढ लेखी किंवा तोंडी मागणी करतील तिथं वर्ग देणं स्थानिक स्वराज्य संस्थेवर बंधनकारक करावं. केंद्राच्या योजनेची मुदत संपली की वर्गही संपतो, हे त्यामुळे तरी थांबेल.

‘उल्लास’ नेमकं काय आहे?

नवभारत साक्षरता कार्यक्रमाचं हे चालू नाव. मुदत २०२२ ते २०२७. पंधरा वर्षं आणि त्यावरच्या निरक्षरांसाठी. शिकवणारे स्वयंसेवक, त्यांना मानधन नाही. नोंदणी मोबाइल अ‍ॅपवर, शाळा हे केंद्र. शेवटी पायाभूत साक्षरता आणि संख्याज्ञानाची परीक्षा आणि उत्तीर्ण झाल्यावर प्रमाणपत्र. महाराष्ट्रात ही परीक्षा १७ मार्च २०२४ आणि २३ मार्च २०२५ या रविवारी झाली. या तारखा लक्षात ठेवा, पुढं लागतील.

पैसा पुरतो का?

तुम्हीच हिशोब करा. देशभरासाठी पाच वर्षांची तरतूद १०३७.९० कोटी रुपये, त्यात केंद्राचे ७०० कोटी आणि बाकी राज्यांचे. उद्दिष्ट ५ कोटी लोकांचं. भागाकार केला की माणशी साधारण २०८ रुपये येतात. वर्षाला नव्हे, एकूण. यातच पुस्तिका, प्रशिक्षण, सर्वेक्षण, परीक्षा, प्रमाणपत्र आणि जाहिरात. वही, पाटी, पेन्सिल, खोडरबर आणि एक टॉर्च घ्यायला निघालात तर दुकानातच एवढे पैसे संपतात.

म्हणून राज्याला स्वतःचा पैसा घालावा लागेल आणि तो नवीन कर न लावताही निघू शकतो. ग्रामपंचायतीनं उत्पन्नाचे १० टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात. अनेक ठिकाणी त्यातून दरवर्षी शिलाई मशीन आणि सतरंज्याच घेतल्या जातात. वर्गाचा खर्च त्यात बसतो. बांधकामाच्या खर्चावर १ टक्का उपकर जमा होतो, तो बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे जातो. मोठ्या साइटवरच्या कामगारांचा वर्ग त्यातून चालवायला कुणाची हरकत असण्याचं कारण नाही. फक्त एक शासन निर्णय काढून सांगावं लागेल की हा खर्च मान्य आहे. ग्रामसेवकाला ऑडिटची भीती असते आणि ती खरी असते.

याआधीही मोहिमा झाल्या. त्यांचं काय झालं?

लांबलचक इतिहास आहे आणि तो महाराष्ट्रातच सुरू होतो म्हटलं तरी चालेल. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८५५ मध्ये कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. दिवसभर राबणारा माणूस दिवसा शिकू शकत नाही, ही साधी गोष्ट त्यांना तेव्हा कळली होती. आजही वर्गाची वेळ दुपारी दोन ठेवणारे महाभाग भेटतात.

१९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात ग्राम शिक्षण मोहीम सुरू झाली आणि पुढं राज्यभर पसरली. तिचं वेगळेपण असं की साक्षर करायचं ते अख्खं गाव. गावानं ठरवायचं, गावातल्याच शिकलेल्यांनी शिकवायचं आणि सगळे शिकले की ग्रामगौरव समारंभ करायचा. कमी पैशात, कमी वेळात प्रचंड काम झालं. पण समारंभाच्या दुसऱ्या दिवशी काय, याचं उत्तर कमकुवत होतं. नवसाक्षरांना वाचायला काही मिळालं नाही आणि अनेक जण काही वर्षांत पुन्हा अंगठ्यावर आले.

२ ऑक्टोबर १९७८ ला राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम आला, १९८८ मध्ये राष्ट्रीय साक्षरता मिशन. नव्वदच्या दशकातली साक्षरता अभियानं आठवणारे लोक अजून गावोगाव आहेत: कलापथकं, मशाली, रात्रीचे वर्ग. २००९ मध्ये ‘साक्षर भारत’ आलं आणि त्यात निवडलेल्या जिल्ह्यांतल्या प्रत्येक पंचायतीत लोकशिक्षण केंद्र आणि ते चालवायला महिना दोन हजार रुपये मानधनावर दोन प्रेरक होते. ते ३१ मार्च २०१८ ला बंद झालं. ‘उल्लास’ सुरू झाला २०२२ मध्ये. मधली चार वर्षं, छोटंसं ‘पढना लिखना अभियान’ सोडलं तर, कोरडीच गेली. प्रेरकांची घडी मोडली. केंद्रांची कपाटं शाळेच्या अडगळीच्या खोलीत गेली, त्यातली पुस्तकं उंदरांनी वाचली.

राज्याला यातून एक गोष्ट घेता येईल: दर तालुक्याला दोन-तीन कायम माणसं, ज्यांची नोकरी केंद्राच्या योजनेच्या नावावर अवलंबून नसेल. योजना बदलली तर फलक बदलावा, माणूस तोच राहावा.

स्वयंसेवकांना पैसे द्यावेत का? सेवाभाव संपेल असं म्हणतात.

हे म्हणणारे स्वतः पगारावर असतात, हा माझा अनुभव.

पायाभूत साक्षरतेला साधारण २०० तास धरले जातात. रोज दीड तास, आठवड्याला पाच दिवस असा वर्ग चालवला तर १३३ दिवस, म्हणजे सव्वासहा महिने. सहा महिने रोज संध्याकाळी घरचा स्वयंपाक पुढं ढकलून, दहा जणींना घरोघर जाऊन बोलावून वर्ग घेणारी मुलगी बहुतेक वेळा गावातलीच बारावी झालेली सून असते. तिला महिन्याला मोबाइलच्या रिचार्जचे पैसेही मिळत नाहीत. दोन महिन्यांत सासू विचारते, ‘तुला यातून काय मिळतं?’ तिच्याकडे उत्तर नसतं आणि वर्ग बंद होतो.

मानधन द्यावं, पण कसं हे महत्त्वाचं. ‘उत्तीर्ण होणाऱ्या माणशी इतके’ असं ठेवलं की परीक्षेच्या खोलीत काय होतं ते सांगायची गरज नाही. महिन्याला ठरावीक रक्कम, महिन्याच्या महिन्याला थेट खात्यात, आणि वर्ग खरंच भरतो का हे केंद्रप्रमुखानं न कळवता येऊन पाहणं. एवढं पुरतं. त्याशिवाय डी.एड. आणि एनएसएसच्या मुलांना गुण मिळावेत, पण मुख्य भार त्यांच्यावर टाकू नये. परीक्षा जवळ आली की ती गायब होतात आणि त्यात त्यांचा दोष नाही.

शिक्षकांनाच का सांगत नाही? शाळा आहे, शिक्षक आहेत.

सांगितलं गेलंच की. २०२३ मध्ये निरक्षरांच्या सर्वेक्षणाचं काम आलं तेव्हा शिक्षक संघटनांनी अशैक्षणिक काम म्हणून बहिष्कार टाकला. निवडणूक, जनगणना, पोषण आहार, नाना प्रकारचे अहवाल यांच्या ओझ्याखाली असलेल्या शिक्षकावर आणखी एक काम टाकलं की ते कागदावरच होणार. शिक्षकानं वर्गासाठी खोली उघडून द्यावी, स्वयंसेवकाला पहिल्या महिन्यात शिकवण्याची रीत दाखवावी. त्यापलीकडची अपेक्षा मला अन्यायाची वाटते. उलट निवृत्त शिक्षक हे फार मोठं भांडवल आहे आणि त्यांना पद्धतशीरपणे कुणी विचारत नाही.

वर्ग कधी घ्यावेत?

हा सगळ्यात कमी विचारला जाणारा आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे.

बीड, अहिल्यानगर, धाराशिव भागातली गावं घ्या. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची गाडी येते. उचल घेतलेली असते, कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, कारखान्याच्या तळावर जाते आणि मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाही. पहाटे तीनला उठून फडात जाणाऱ्या बाईला संध्याकाळी पाटी घेऊन बसवणं अशक्य. आणि परीक्षा कधी? मार्चमध्ये. म्हणजे ज्या भागात निरक्षरता जास्त, त्याच भागातली माणसं परीक्षेच्या दिवशी गावात नाहीत. पालघर-ठाण्यातल्या कातकरी कुटुंबांचंही असंच. दिवाळीनंतर वीटभट्टीवर, पावसाच्या तोंडावर घरी.

यावर उपाय अवघड नाही. या तालुक्यांसाठी वर्ग जूनच्या शेवटी सुरू करून दसऱ्याच्या आत परीक्षा घ्यायची. सव्वासहा महिन्यांचं काम साडेतीन महिन्यांत बसत नाही हे खरं, म्हणून दोन पावसाळ्यांत वाटून घ्यायचं आणि मधल्या काळात तळावर आठवड्यातून दोनदा उजळणी. साखर कारखान्याच्या आवारात एक खोली आणि एक दिवा मिळणं कठीण नाही, साखर आयुक्तालयानं गाळप परवान्यासोबत तशी अट घातली तर. पण शिक्षण खातं आणि साखर आयुक्तालय पुण्यातच असूनही एका टेबलावर बसत नाहीत. कोकणात वेळ वेगळी, विदर्भात कापूस वेचणीच्या दिवसांत वेगळी. एकच राज्यभर वेळापत्रक ही चूक आहे. परीक्षेच्या तारखा वर्षाला किमान दोन असाव्यात आणि कुठली घ्यायची ते जिल्ह्यानं ठरवावं.

लोक सुरुवातीला येतात आणि मग येणं बंद करतात. असं का?

आमच्या वर्गात एक मावशी पहिल्या दिवशी आल्या, दुसऱ्या दिवशी आल्या, तिसऱ्या दिवसापासून ‘डोकं दुखतं’ म्हणून बंद. मला वाटलं कंटाळल्या. पंधरा दिवसांनी दुसऱ्या एकीनं सांगितलं की त्यांना पुस्तकातलं अक्षर दिसतच नाही. गहू निवडायला दिसतात, सुई ओवायला नात लागते. चाळिशी. आयुष्यात कधी वाचलंच नाही तर चष्म्याची गरज कळणार कशी? दुसऱ्याच दिवशी वर्गातल्या अकरा जणींना फळ्यावर नव्हे, हातातल्या पुस्तकावर अक्षरं दाखवली. सात जणींना दिसत नव्हती.

तेव्हापासून माझं ठाम मत आहे की वर्गाच्या पहिल्या आठवड्यात चष्मे वाटायला हवेत. ग्रामीण रुग्णालयातल्या नेत्रचिकित्सा अधिकाऱ्यानं एक संध्याकाळ वर्गावर यायचं, जवळचा नंबर तपासायचा, साधे तयार चष्मे द्यायचे. शिक्षण आणि आरोग्य खात्यानं मिळून काढलेलं एक पत्रक पुरेल. इतक्या स्वस्तात इतकी गळती थांबवणारं दुसरं काही मला माहीत नाही.

बाकीची कारणंही अशीच साधी. पहिलीच्या मुलांच्या बुटक्या बाकांवर गुडघे मोडून बसता येत नाही. लहान मूल कुणाकडे ठेवायचं? अंगणवाडी संध्याकाळी बंद. लोडशेडिंग. रस्त्यावर दिवा नाही, म्हणून सून सासूला एकटं पाठवत नाही. आणि लाज. आपल्याच नातवाच्या शाळेत, त्याच्याच मॅडमसमोर ‘अ’ चुकायचा, हे पन्नाशीतल्या बाईला नको असतं. म्हणून काही वस्त्यांत वर्ग शाळेत नाही तर देवळात, नाहीतर एखाद्या बाईच्या पडवीत चांगला चालतो. अ‍ॅपवर मात्र केंद्र म्हणून शाळाच भरावी लागते. हे लवचिक करायला काही खर्च नाही.

फांगणे गावातली आजीबाईंची शाळा इतकी गाजली. तशा सगळीकडे काढता येतील?

ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातलं फांगणे. जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ८ मार्च २०१६ ला ही शाळा सुरू केली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या आज्या, गुलाबी साडी, खांद्याला दप्तर. फोटो जगभर गेले. गुलाबी साडीची चेष्टा करणारेही भेटले, पण मला ती युक्ती आवडते. सगळ्यांचा वेष एक झाला की कोण गरीब, कोण विधवा हे दिसत नाही आणि शाळेत जाणं ही लपवायची गोष्ट राहत नाही.

पण सगळीकडे फांगणे होणार नाही. तिथं एक शिक्षक होता, एक ट्रस्ट मदतीला होता आणि गाव लहान होतं. एकेका ध्येयवेड्या माणसावर राज्याचा कार्यक्रम उभा राहत नाही. राज्यानं तिथून घ्यायचं ते इतकंच: वर्गाला मान मिळाला पाहिजे.

पुरुष का येत नाहीत?

येतात, पण बायकांसोबत नाही आणि शाळेत नाही. रिक्षा थांब्यावर, दूध डेअरीच्या ओट्यावर, हमालांच्या अड्ड्यावर अर्धा तास मिळतो. लायसन्स, हिशोब, मजुरीची नोंद अशा कामाच्या गोष्टींतून सुरुवात केली तर बसतात. बाराखडीनं केली तर उठून जातात.

आदिवासी भागात भाषेचा प्रश्न कसा सोडवायचा?

नंदुरबारमध्ये भिल्ली, पावरी, मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत माडिया, गोंडी. पुण्यात छापलेली पुस्तिका तिथं गेली की शिकणाऱ्याला एकाच वेळी दोन गोष्टी शिकाव्या लागतात: अक्षर आणि भाषा. मुलांना ते जमतं, पन्नाशीच्या माणसाला जड जातं. पहिली वीस-पंचवीस पानं त्याच भाषेत, देवनागरी लिपीत हवीत. घरातले, शेतातले शब्द त्यांचेच. मग हळूहळू मराठी. जनगणनेची व्याख्याच ‘कुठल्याही एका भाषेत’ म्हणते, त्यामुळे यात नियम आडवा येत नाही. स्थानिक शिक्षक आणि विद्यार्थी ही पानं दोन महिन्यांत तयार करू शकतात. अट एकच, ती दर पाच वर्षांनी मोडीत काढू नयेत.

ती परीक्षा म्हणजे फार्स आहे का?

पूर्ण फार्स नाही. १५० गुण: वाचन ५०, लेखन ५०, संख्याज्ञान ५०. प्रत्येकात ३३ टक्के, म्हणजे १७ गुण लागतात. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच या वेळेत आपल्या सोयीनं येऊन तीन तासांत पेपर द्यायचा. राहिलेल्याच्या कागदावर ‘नापास’ न लिहिता ‘सुधारणा आवश्यक’ लिहितात. हे सगळं शहाणपणाचं आहे. सत्तरीतल्या आजीनं वेणीफणी करून, पेन पदराला बांधून परीक्षेला जाणं हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्या दिवशी तिचा रुबाब बघण्यासारखा होता.

त्रास वेगळाच आहे. जिल्ह्याला उद्दिष्ट मिळतं, उद्दिष्ट तालुक्याला, तिथून शाळेला. मार्च आला की आकडा भरायचा असतो. मग ज्यांना मुळात वाचता येतं अशा माणसांनाही बसवलं जातं. राज्यानं दोन गोष्टी कराव्यात. उद्दिष्ट परीक्षेला बसलेल्यांचं नसावं, शंभर तासांहून जास्त भरलेल्या वर्गांचं असावं. आणि प्रमाणपत्र मिळालेल्यांपैकी काहींची दोन वर्षांनी बाहेरच्या संस्थेकडून पुन्हा चाचणी घ्यावी. तो निकाल जाहीर करावा, वाईट आला तरी.

प्रमाणपत्रानंतर पुढं काय?

बहुतेक ठिकाणी काहीच नाही, आणि ग्राम शिक्षण मोहीम जिथं अडखळली तीच ही जागा. न वापरलेलं वाचन दोन-तीन वर्षांत जातं.

महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे आणि त्याखाली अनुदान घेणारी दहा हजारांहून अधिक ग्रंथालयं, अ, ब, क, ड वर्गांतली. अनेक गावांत ड वर्गाचं ग्रंथालय म्हणजे चार कपाटं आणि रोजची तीन वर्तमानपत्रं. तिथं मोठ्या टाइपातल्या, पंधरा-वीस पानी पुस्तकांचं एक कपाट नवसाक्षरांसाठी ठेवणं अनुदानाच्या अटींत घालता येईल. अभंग, ओव्या, शेळीपालन, बी-बियाणं, देवीची आरती, गावातल्याच बायकांनी सांगितलेल्या आणि टिपून छापलेल्या गोष्टी. पाठ असलेला अभंग छापलेला दिसला की बोट ठेवून वाचताना चेहरा बदलतो. शब्द आधीच ओठावर असतो, अक्षर त्याला येऊन मिळतं. आमच्या वर्गात हरिपाठाची पातळ पुस्तिका पाठ्यपुस्तकापेक्षा जास्त फाटली.

ज्यांना शाळेचंच शिक्षण पुढं न्यायचंय त्यांच्यासाठी वाटा आहेत, फक्त त्या कुणी सांगत नाही. राज्याच्या मुक्त विद्यालयातून पाचवी आणि आठवीच्या समकक्ष परीक्षा, राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून दहावी-बारावी, बोर्डाचा १७ नंबरचा फॉर्म भरून खासगीरीत्या परीक्षा. पुढं नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहेच, १९८९ पासून. मुंबईत रात्रशाळांची जुनी परंपरा आहे. १७ नंबरला शाळा सोडल्याचा दाखला मागतात आणि तीस वर्षांपूर्वी शाळेतून उठलेल्या बाईच्या बाबतीत तिथंच घोडं अडतं. दुसरी प्रत, प्रतिज्ञापत्र, हेलपाटे. प्रत्येक गटसाधन केंद्रात या कागदांसाठी आठवड्यातून एक वार ठरवून दिला तरी निम्मी अडचण जाईल.

आता मोबाइल बोलतो, वाचून दाखवतो. मग वाचता यायला कशाला हवं?

मलाही क्षणभर हे पटलं होतं. मग लाडक्या बहिणीची ई-केवायसी आली. ओटीपी आलेला बाईला कळत नव्हतं, म्हणून ती फोन दुसऱ्याच्या हातात द्यायची. बँक सांगते ओटीपी कुणाला सांगू नका. जिला वाचताच येत नाही तिनं तो न सांगता टाकायचा कसा? व्हॉइस मेसेजवर सगळं चालतं, पैशाला हात लागेपर्यंत. म्हणून आकडे आधी शिकवावेत, अक्षरं नंतर, असं मी प्रशिक्षणात सांगतो. फोनवरचे आकडे बहुतेकींना अर्धेमुर्धे येतातच. तिथून दोन पावलांवर ओटीपी, एसटीचा नंबर, गॅस सिलिंडरची रक्कम, बचत गटाच्या वहीतली स्वतःची ओळ. गावोगाव उमेद अभियानाचे आणि महिला आर्थिक विकास महामंडळाचे (माविम) बचत गट आहेत, त्यांची दर आठवड्याची बैठक ठरलेली असते. त्याच बैठकीला अर्धा तास जोडला तर नवीन वर्ग उभा करावा लागत नाही.

केरळ आणि गोव्यानं काय वेगळं केलं?

केरळमध्ये आधी एर्नाकुलम जिल्हा १९९० मध्ये साक्षर जाहीर झाला, १८ एप्रिल १९९१ ला अख्खं राज्य. त्यामागे केरळ शास्त्रसाहित्य परिषदेसारखी लोकचळवळ होती. पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते नंतरचं. घोषणा झाल्यावर त्यांनी दुकान बंद केलं नाही. राज्याचं स्वतःचं साक्षरता मिशन आहे आणि ते चौथी, सातवी, दहावी, बारावीच्या समकक्ष परीक्षा आजही घेतं. २०१८ मध्ये ९६ वर्षांच्या कार्त्यायनी अम्मांनी त्यांची साक्षरता परीक्षा १०० पैकी ९८ गुणांनी दिली, ती या टिकलेल्या यंत्रणेमुळे.

गोवा ३० मे २०२५ ला, घटक राज्य दिनी, पूर्ण साक्षर जाहीर झाला. ‘पूर्ण’ म्हणजे केंद्राच्या निकषानुसार ९५ टक्के. लहान राज्य, आधीच जास्त साक्षरता आणि पंचायती, नगरपालिकांपासून समाजकल्याणापर्यंत अनेक खात्यांनी मिळून शोधलेली उरलेली माणसं. महाराष्ट्राच्या आकाराला ते जसंच्या तसं लागू होत नाही, तालुक्याला होतं.

मला गावात वर्ग सुरू करायचाय. कुठून सुरुवात करू?

मुख्याध्यापकांना भेटा. स्वयंसेवक म्हणून तुमचं आणि शिकणाऱ्यांचं नाव अ‍ॅपवर शाळेमार्फत चढतं. दहापेक्षा जास्त माणसं घेऊ नका, सुरुवातीला पाच पुरेत. पुस्तिका शाळेतून मिळते, नाही मिळाली तर केंद्रप्रमुखांना फोन करा, त्यांच्या कपाटात बहुधा असते. वेळ शिकणाऱ्यांना विचारून ठरवा आणि एकदा ठरली की तुम्ही स्वतः चुकवू नका. पाटी पहिला महिनाच, मग चाररेघी वही. पेन्सिल जाड घ्या, भाकरी थापणाऱ्या हाताला बारीक पेन्सिल धरवत नाही. पहिल्या दिवशी प्रत्येकीला तिचं नाव कागदावर मोठ्या अक्षरात लिहून घरी न्यायला द्या. आणि दुसऱ्या दिवशी जवळचं दिसतं का ते तपासा.